लंगडीची डावी बाजू

गुडघा आपटला आणि कळ थेट मस्तकात गेली. उंच स्टुलावर बसायची सवय नसली की असंच होतं. पाय लोंबकळत राहतात आणि आपण नेमके कुठे संपतो याचा अंदाज चुकतो. तिला राग आला. राग तिला पटकन येई, आणि ज्या वस्तूने मारलं तिला उलट मारायची लहानपणची खोड पन्नाशी आली तरी गेली नव्हती. मूल पडलं की आया जमिनीला चापट मारतात, तशी एक या लाकडाला द्यावी म्हणून तिने काउंटरच्या काचेखाली हात घातला, आणि चापट मारायची राहून गेली. बोटांना एक खिळा लागला. त्याच्या शेजारी दुसरा, त्याच्या शेजारी तिसरा, मग थोडी मोकळी जागा, आणि पुन्हा तीन. तिने हात मागे घेतला, मांडीवर ठेवला, आजूबाजूला पाहिलं. कोणाचं लक्ष नव्हतं. मग तिने परत हात घातला आणि फळीच्या कडेकडेने पुढे नेत गेली. तीन, आणि मोकळं. तीन, आणि मोकळं. असे खिळे ठोकणारं जगात एकच घर होतं, आणि ते तिचं होतं.

आत शिरताना तिने पाहिलं नव्हतं असं नाही. समोर होडीसारखं काहीतरी उभं आहे, त्यावर जाड काच टाकून काउंटर केलाय, एवढं दिसलं होतं. पण शहरातल्या असल्या हॉटेलांतून भिंतीवर वल्ही आणि छताला जाळी टांगायची फॅशन आली तेव्हापासून तिने अशा गोष्टींकडे कानाडोळा करायचं ठरवून टाकलं होतं. ती खरीच वल्ही असतात, हेच तिला सहन होत नसे. आज तर ती आलीच होती नाइलाजाने. दादाचा फोन आला होता. जेवायला ये, बाकी काही नाही, बेटावरची जागा घेणारा माणूस भला आहे, एकदा समोरासमोर बोललीस म्हणजे तुझ्याही मनाचं समाधान होईल. बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं. बेटावरची छपरी बंद होती. छपरी म्हणजे होड्या बांधायचा त्यांचा कारखाना. चार भिंतींऐवजी तीन भिंती आणि एक खडक, वर पत्रे, पुढे थेट पाण्यात उतरणारा उतार. बाबांनी ती दोघांच्या नावावर ठेवली होती, त्यामुळे दादाला तिच्या होकाराशिवाय विकता येत नव्हती, आणि फोनवर ती जवळजवळ हो म्हणूनच बसली होती. तिचं तिथे काय अडलं होतं? त्या छपरीत तिला येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं, तेही स्वतः बाबांनी. जिथून आपल्याला हाकललं ती जागा राहिली काय आणि गेली काय, असं ती गेली कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आली होती, आणि हे इतक्या वेळा सांगावं लागतं यातच सगळं आलं, हेही तिला माहीत होतं.

आजोबांच्या पुढच्या दातांत एक फट होती. खिळे ठोकताना ते तोंडात खिळे धरत, आणि त्या फटीत बरोबर तीन मावत. तीन ठोकून झाले की डब्यात हात घालायचा, पुढचे तीन तोंडात घ्यायचे, तेवढ्यात हात नकळत थोडा पुढे सरके आणि मध्ये जागा सुटे. तीच सवय लागली. बाबांचे दात सरळ होते, पण बाबाही तीनच ठोकत. काका तीनच ठोकत. लोक म्हणत, या घराण्याच्या खिळ्यांत काहीतरी गुपित आहे, त्यामुळे होडीला गळती लागत नाही. आजोबा ताकास तूर लागू देत नसत. फक्त तिला, मांडीवर बसवून, दात दाखवून त्यांनी सांगितलं होतं, आणि वर म्हणाले होते, "टाचणे, हे कोणाला बोलू नकोस. शहाणपणापेक्षा खोड जास्त टिकते." टाचणी हे नाव त्यांनीच ठेवलेलं. बारीक होती, आणि हातात धरायला गेलं की टोचायची.

आणखी एक खोड होती, आणि तिचं कारण तो खडक. पणजोबा त्या बेटावर आले तेव्हा उताराची चांगली जागा एकच होती आणि तिच्या डाव्या अंगाला खडक उभा होता. फोडायला माणसं नव्हती. पणजोबांनी खडकालाच भिंत मानलं आणि छपरी बांधली. त्यामुळे झालं असं, की होडीच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी उभं राहून काम करता येईना. बाकी ठिकाणी दोन्ही बाजू बरोबरीने चढवतात, एक फळी इकडे, एक तिकडे, म्हणजे तोल राहतो. यांच्या घरात आधी उजवी बाजू पूर्ण उभी करायची, टेकू देऊन ठेवायची, मग सगळा कणा ओंडक्यांवरून सरकवून खडकापासून लांब घ्यायचा आणि डावी बाजू चढवायची. शहाण्या माणसाने असं करू नये. पण पणजोबांनी केलं, होड्या तरंगल्या, आणि पुढे कोणी खडक फोडायचं नाव काढलं नाही. अशा उफराट्या पद्धतीत दोन्ही बाजू सारख्या याव्यात म्हणून एक नियम होता आणि तो मात्र देवाच्या शपथेसारखा पाळायचे. एका होडीला एकच हात. जो होडी सुरू करील त्याच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मापून एक काठी कापायची. त्या काठीने सगळी होडी मापायची, दुसरं माप तिला लावायचं नाही. आणि होडी पाण्यात सोडायच्या आधी ती काठी आतल्या बाजूला, पुढच्या बसायच्या फळीखाली ठोकून टाकायची, कायमची. पुढे कधी दुरुस्ती निघाली तर होडी आपलं माप आपल्याबरोबर घेऊन येते.

"बसलीस का? उशीर झाला, रस्ता खोदलाय सगळा," म्हणत दादा आला, आणि त्याच्यामागे डोक्यावर गॉगल चढवलेला एक गुळगुळीत माणूस. हा तो भला माणूस. टेबल रिकामं व्हायला वेळ आहे, तोवर इथेच बसू, असं दोघांचं ठरलं आणि ते तिच्या दोन्ही बाजूंना चढून बसले. दादाने काउंटरवर कोपर टेकवलं, काचेखाली पाहिलंसुद्धा, आणि मग पेयांचं कार्ड मागवलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. तो आपल्याच घरातल्या होडीवर कोपर टेकून बसला होता आणि त्याला कळत नव्हतं. त्याचा दोष नव्हता. दादा हुशार, त्याला शिकायला शहरात पाठवलेलं, त्याच्या हाताला कुसळ लागू नये म्हणून आई जपायची. उभ्या जन्मात त्याने एक खिळा ठोकला नव्हता. गॉगलवाला गोड बोलत होता. बेट किती सुंदर आहे, छपरीचा तो खडक किती सुंदर आहे, तो तसाच ठेवायचा आहे, मागे खोल्या निघतील, पुढे उतारावर खुर्च्या. जागेचा आत्मा हलवायचा नाही, हे त्याचं ब्रीद होतं. "आणि ताई, तुमच्या घराण्याचा इतिहास आम्ही भिंतीवर लावणार आहोत. मोठ्ठा." त्याने फोन पुढे केला. तयार करून आणलं होतं. पणजोबांचा एकुलता एक फोटो, त्यात ते उन्हाने डोळे मिचकावून उभे. मग आजोबा. मग बाबा, वाकलेले, हातात रंधा. आणि चौथा फोटो दादाचा, कोटातला, ऑफिसच्या खुर्चीत बसलेला. खाली लिहिलं होतं: चार पिढ्यांची परंपरा.

तिला हसू आलं. इतकं आलं की गॉगलवाल्यालाही वाटलं आपलं काम झालं, आणि तोही हसला. दादा मात्र ओशाळला. आयत्या बिळावर नागोबा, असं ती लहानपणी त्याला म्हणायची ते त्याला आठवलं असावं. त्याने पाण्याचा ग्लास उचलला, पुन्हा ठेवला. तिचा डावा हात अजून काचेखाली होता आणि तो खाली खाली, फळीमागून फळी उतरत होता, तिसऱ्या फळीपाशी थांबला होता. तिथे एक गाठ होती. गाठ म्हणजे झाडाची फांदी जिथून निघते तिथला कडक डोळा. बाबा असली फळी बाजूला काढत. कोणीतरी मात्र ती वापरली होती, गाठ कोरून काढली होती आणि तिच्या जागी लाकडाचा तुकडा बसवला होता, गोल नव्हे, चौकोनी नव्हे, एका बाजूला फुगलेला, कारण कोरताना पटाशी निसटली होती. त्या वेळी अंगठ्याला लागलं होतं. अंगठ्यावरचा वण तिने दुसऱ्या बोटाने चाचपला. आता शंका उरली नव्हती. ही लंगडी होती. लंगडी मधोमध, कण्यावरून उभी चिरून, तिची अर्धी बाजू इथे आणून उभी केली होती, आणि ती डावी होती.

त्या वर्षी वारा फिरायच्या आत होडी द्यायची होती आणि बाबा टेकूवरून पडले. उजवा खांदा निखळला, त्यातून ताप. उजवी बाजू उभी होती, डावीकडे नुसता कणा. दादा शहरात परीक्षेला. काका म्हणाले, राहू दे, ज्याची होडी आहे त्याला सांगू पुढच्या हंगामात ये. ज्याची होडी होती तो रोज संध्याकाळी छपरीच्या तोंडाशी येऊन उभा राही आणि निघून जाई. त्याची जुनी होडी फुटली होती. मासेमारीवरच त्याचं पोट होतं. एका सकाळी ती छपरीत गेली. सतरा वर्षांची होती. बाबांची काठी खिळ्याला टांगलेली होती. सगळ्यांना पुढे वाटलं, आणि तिने वाटू दिलं, की पोरीला कळलं नाही, काठी दिसली नाही, अडाणीपणाने आपल्या हाताने मापत गेली. तसं नव्हतं. तिने काठी खाली काढली होती. आपला हात तिच्याशेजारी ठेवला होता. हात बोटभर कमी भरला. तेव्हा तिच्या मनात जे आलं ते आजही जसंच्या तसं होतं: मी बाबांच्या काठीने मापलं तर ही होडी बाबांची. मी रात्रंदिवस घाम गाळीन, हाताची सालं काढीन, आणि होडी बाबांची. आणि म्हणे एका होडीला एकच हात. मग माझा हात कधी? बाबांची काठी तिने परत टांगली, एक फळकूट उचललं आणि स्वतःच्या कोपरापासून मधल्या बोटापर्यंत मापून कापलं.

डावी बाजू तिने एकटीने चढवली असं म्हटलं तर खोटं होईल. काका शेवटी शिव्या देत आले, फळ्या वाफवून वाकवायला दोन माणसं लागतातच. पण मापलं तिने, कापलं तिने, खिळे तिने ठोकले, तोंडात तीन धरून. धातूची ती चव, जिभेच्या टोकाला आंबट गार, तिला अजून कधीही आठवता येई. या क्षणी तर ती तोंडात आलीच. गॉगलवाला काहीतरी विचारत होता. तिने मान हलवली. बाबा उठले तेव्हा गळ्यात हात अडकवलेला, दाढी वाढलेली. त्यांनी होडीच्या नाळेसमोर, म्हणजे पुढच्या टोकासमोर, उभं राहून एक डोळा मिटला. मग दुसरा मिटला. मग आत येऊन डाव्या बाजूला हात लावत लावत मागपर्यंत गेले आणि परत आले.

"ही कोणाच्या हाताची?" त्यांनी विचारलं.

"अर्धी तुमच्या, अर्धी माझ्या," ती म्हणाली. मान खाली घातली नव्हती, एवढं तिला नक्की आठवत होतं.

होडी पाण्यात सोडली आणि ती जराशी डावीकडे कलली. बुडाली नाही, गळली नाही, पण कलली, आणि कलूनच चालली. उतारावर जमलेल्यांतून कोणीतरी म्हणालं, लंगडी, आणि बेटावर नाव पडायला तेवढं पुरतं. ज्याची होती त्याने मात्र तक्रार केली नाही. तो उजवीकडे बसायला शिकला, जाळं उजवीकडे ठेवायला शिकला, आणि लंगडी तो म्हातारा होईपर्यंत चालली. सरळ बांधलेल्या कितीतरी होड्या तिच्याआधी जळणात गेल्या. पण ते सगळं पुढे. त्या संध्याकाळी तिने बाबांना विचारलं होतं, माझी काठी कुठाय? कारण नियमाप्रमाणे ती होडीत ठोकायला हवी होती. बाबा जेवत होते. वर न बघता म्हणाले, "चुलीत गेली. आणि उद्यापासून छपरीत येऊ नकोस." आईने भाजी वाढली. काही महिन्यांनी ती शहरात आली.

शहरात तिला एका इस्पितळाच्या कारखान्यात काम मिळालं. तिथे बूट करतात, ज्यांचा एक पाय आखूड आहे त्यांच्यासाठी एका तळव्याला जाड थर लावून. ओळखीचे लोक यातून काय काय अर्थ काढत, लंगड्या होडीचं प्रायश्चित्त वगैरे, आणि तिच्या मस्तकात तिडीक जाई. काम घराजवळ होतं, पगार वेळेवर होता, हे कारण कोणाला पुरत नसे. एक मात्र तिथे शिकायला मिळालं. हजारो पाय तिने मापले आणि दोन्ही सारखे असलेला माणूस तिला एकही भेटला नाही. कोणाचा केसभर, कोणाचा दोराभर, फरक असतोच. ज्यांचा जास्त असतो ते तिच्याकडे येतात, बाकीचे आपण सरळ आहोत असं समजून रस्त्याने जातात.

"ताई, मग तुमचं काय म्हणणं?" गॉगलवाल्याने विचारलं. दादाने कोटाच्या खिशातून छपरीची किल्ली काढून काचेवर ठेवली होती. जुनी, पितळी, हातभर दोरी बांधलेली. दोरीची गाठ बाबांची.

ती स्टुलावरून उतरली. दोघांना वाटलं, हात धुवायला निघाली. ती काउंटरला वळसा घालून सरळ मागच्या बाजूला शिरली. आतून होडी होडीच होती. बाहेर वार्निश फासून चकचकीत केलेलं, आत मात्र जुना राखाडी रंग, फासळ्या, त्यांच्यामध्ये बाटल्यांची फडताळं. पुढची बसायची फळी अर्धी कापून तशीच ठेवली होती आणि तिच्यावर ग्लास पालथे मांडले होते. काउंटरवाली बाई, चाळिशीची, ठसठशीत, लिंबू कापत होती. सुरी थांबवून म्हणाली, "इथे गिऱ्हाइकांना येता येत नाही हं." ती म्हणाली, एक मिनिट, आणि खाली बसली. गुडघा ठणकला. फळीखाली अंधार होता आणि तिथे एक ओलं फडकं वाळत घातलेलं होतं. फडकं ज्यावर घातलं होतं ती एक काठी होती. "ती पट्टी होय?" बाई वरून म्हणाली, "ती आधीपासूनच आहे. आम्ही आपली फडकी टाकतो."

तिने फडकं काढून खांद्यावर टाकलं. काठीला वरच्या टोकाला तीन खिळे होते, तांब्याचे, हिरवे पडलेले. तिन्ही वाकडे. एकाचं डोकं तर पार आडवं पिचलेलं. असे खिळे तिने ठोकले नसते, काकांनी ठोकले नसते. असे खिळे तो माणूस ठोकतो ज्याचा उजवा हात गळ्यात अडकवलेला आहे आणि जो आयुष्यात पहिल्यांदा डाव्या हाताने हातोडी धरतोय. तिने काठीच्या एका टोकाला कोपर लावलं आणि हात पसरला. मधलं बोट थोडं कमी भरलं. मग लक्षात आलं, संधिवाताने बोट आता पूर्ण उघडत नाही. तिने दुसऱ्या हाताने ते दाबून सरळ केलं, दुखलं, आणखी दाबलं. टोकाला टोक लागलं. ना कमी, ना जास्त.

चुलीत गेली नव्हती. बाबांनी त्याच दिवशी, होडी पाण्यात सोडायच्या आधी कधीतरी, कोणी बघत नसताना तिची काठी तिच्या बाजूला ठोकली होती, आणि मग जेवायला बसून तोंडावर खोटं बोलले होते. आता आपल्याला रडू यायला हवं, असं तिला वाटलं. आलं नाही. आला तो संताप. खिळे ठोकता येतात आणि बोलता येत नाही? डाव्या हाताने, खांद्याच्या कळा सोसून, फळीखाली वाकून ठोकता येतं, आणि भाजी वाढून होईपर्यंत एक वाक्य सरळ बोलता येत नाही? कोणासाठी ठोकली? माझ्यासाठी, की नियमासाठी, की पुढे दुरुस्ती निघाली तर खोळंबा नको म्हणून? ती मनातल्या मनात बाबांशी भांडली, जसं जिवंतपणी एकदाही भांडली नव्हती. आणि भांडता भांडता तिला दिसलं की उत्तर काहीही असलं तरी तिला आता त्याची गरज नाही. बाबांनी मान्य केलं म्हणून ती बाजू तिची नव्हती. ती सतराव्या वर्षी, त्या सकाळी, काठी परत टांगली तेव्हाच तिची झाली होती. तिने वर पाहिलं. बसल्या जागेवरून सगळी डावी बाजू दिसत होती, कण्यापासून काठापर्यंत, फळीवर फळी, आणि तिच्यात तिळाएवढंही कुठे वाकडं नव्हतं. वाकडी ती उजव्या बाजूच्या शेजारी होती. एकटी उभी राहिली तर सरळ होती.

"काय करतेयस तू तिथे?" दादा काचेवरून ओणवा होऊन बघत होता.

"दादा, ही लंगडी आहे."

त्याला समजायला वेळ लागला. मग त्याने कोपर झटकन उचललं, चटका बसल्यासारखं, आणि काचेखाली नीट पाहिलं. गॉगलवाल्याने चौकशी केली, दादाने अर्धंमुर्धं सांगितलं, आणि तो खूश झाला. वा, म्हणाला, म्हणजे तुमचीच होडी, काय योगायोग, हेसुद्धा भिंतीवर घेऊ. ती उठून उभी राहिली, काउंटरच्या आतल्या बाजूला, ते दोघे बाहेरच्या बाजूला, मध्ये होडी. तिने गॉगलवाल्याला शांतपणे सांगितलं की भिंतीवर काही घ्यायचं नाही, छपरी विकायची नाही. तो म्हणाला, ताई, विचार करून सांगा, घाई नाही. ती म्हणाली, विचार करूनच सांगतेय, मला सवडच भरपूर होती. तो आवाजातला गोडवा न सोडता फोन घ्यायला म्हणून बाजूला गेला.

दादा मग त्याच्या मूळ आवाजात आला. तो वाईट नव्हता, थकला होता. पत्रे गंजलेत, म्हणाला, उतारावर शेवाळ आहे, काका अंथरुणाला खिळलेत, बेटावर निम्मी घरं बंद. आता लाकडाची होडी घेतो कोण? सगळे फायबरच्या घेतात. "आणि तू काय करणार तिथे जाऊन? होडी बांधणार?"

"हो."

"एकटी?"

"फळ्या वाकवायला दुसरं माणूस लागतं. तू ये."

"मी? मला काय येतंय त्यातलं?"

"खिळे तोंडात धरता येतात का बघू," ती म्हणाली. "नाहीतरी भिंतीवर चढायला निघालाच होतास."

दादा हसला नाही, पण रागावलाही नाही. लंगडी पाण्यात सोडली तेव्हा आपण परीक्षेत होतो, आपण ती चालताना कधी नीट पाहिलीच नाही, असं काहीतरी तो पुटपुटला. मग विचारलं, ती खडकाशेजारची जागा तशीच ठेवणार का, निदान तो खडक तरी फोडून घे, आता यंत्रं आहेत, दोन्ही बाजू बरोबरीने चढवता येतील. तिने त्यावर खरोखर विचार केला. पणजोबांनी माणसं नव्हती म्हणून फोडला नाही, आजोबांनी पणजोबांनी फोडला नाही म्हणून, बाबांनी आजोबांनी फोडला नाही म्हणून. "फोडणार," ती म्हणाली. "पहिलं काम तेच."

काउंटरवाली बाई इतका वेळ लिंबं कापायचं सोडून ऐकत होती. तिने सुरी पुसली आणि विचारलं, ती पट्टी तुमची असेल तर काढून देऊ का, मालक काही म्हणणार नाही, चार खिळे तर आहेत. तीन, ती म्हणाली. दादाही म्हणाला, घे काढून, मी बोलतो हवं तर. तिने खांद्यावरचं फडकं काढलं, घडी केली आणि बाईच्या हातात दिलं.

"काठी राहू दे. होडीतून काठी काढत नाहीत," ती म्हणाली. "फक्त फडकी टाकू नका तिच्यावर."

बाईने मान डोलावली. तिने काचेवरून किल्ली उचलली. तिच्या दोरीला बाबांची गाठ होती, ओढून घट्ट बसलेली. नखाने सुटली नाही, दाताने सुटली. मोकळी झालेली दोरी तिने कोपरापाशी धरली, मधल्या बोटापर्यंत ताणली, वाकडं बोट पुन्हा दाबून सरळ केलं, आणि बोटापुढे उरलेलं टोक कापायला बाईकडे सुरी मागितली.